स्वयंचलित गिअरबॉक्समधील बिघाडांचे निदान : एक विवेचन

प्रस्तावना

द्रोणागिरी हे नाव उच्चारताच रामायणातील एक प्रसंग आठवतो. मूर्च्छित लक्ष्मणासाठी संजीवनी आणावयास गेलेल्या हनुमंतास नेमकी वनस्पती ओळखता आली नाही, म्हणून त्याने सबंध पर्वतच उचलून आणला. त्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी आख्यायिका उरण-करंजा परिसरात आजही सांगितली जाते. करंजाजवळच्या डोंगरास आणि सिडकोच्या नवी मुंबईतील या नोडलाही तेच नाव आहे. हनुमंतास पर्वत उचलणे परवडले. आपल्यासारख्या पगारदार माणसास मात्र एका वनस्पतीसाठी पर्वताची किंमत मोजणे परवडत नाही. मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत नेमके हेच वारंवार घडताना दिसते. दोष एखाद्या तारेत किंवा तेलात असतो आणि बदलला जातो तो सबंध गिअरबॉक्स.

हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. प्रस्तुत लेखिका भौतिकशास्त्राची अध्यापिका आहे, मोटारदुरुस्तीची नाही. तथापि निदान ही मुळात अनुमानाची प्रक्रिया आहे. उपलब्ध लक्षणांवरून कारणापर्यंत कसे जावे, हा तर्कशास्त्राचा, वैद्यकाचा आणि प्रयोगशाळेचाही प्रश्न आहे. शिवाय पनवेल, उलवे, सीवूड्स येथून गव्हाण फाटा आणि करळ फाटा ओलांडत येणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांपैकी अनेकांकडे आज क्लचच्या पायपट्टीविना चालणारी मोटार आहे, हे वाहनतळावर नजर टाकली तरी कळते. गॅरेजात प्रचलित असलेले शब्द इंग्रजीतून आलेले आहेत. त्यांना बळेच संस्कृत प्रतिशब्द देण्याचे सदर लेखात टाळले आहे.

स्वयंचलित म्हणजे नेमके काय?

‘ऑटोमॅटिक’ हे एका यंत्राचे नाव नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. या एका शब्दाखाली किमान चार भिन्न यंत्रे विकली जातात.

पहिले, टॉर्क कन्व्हर्टरचे. यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये घन क्लच नसून द्रव असतो. एका बाजूचा पंखा तेल फिरवतो आणि ते तेल दुसऱ्या बाजूचा पंखा फिरवते. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजांसाठी. बंदराच्या गावात राहणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. द्रवाच्या जोडणीमागे ग्रहमालेसारखी फिरणारी चाके आणि त्यांना आळीपाळीने धरून ठेवणारे, तेलात बुडालेले क्लच पॅक अशी रचना असते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलांमध्ये हायड्रामॅटिक या नावाने पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विक्रीस आणला, तो द्रवाच्या अशाच जोडणीवर आधारलेला होता.

दुसरे, सीव्हीटी. यात ठरावीक गिअरच नसतात. शंकूच्या आकाराच्या दोन कप्प्यांमध्ये पोलादी पट्टा किंवा साखळी असते, आणि कप्प्यांची रुंदी बदलली की गुणोत्तर सलग बदलत जाते. तिसरे, डीसीटी, अर्थात दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स. त्यात एक क्लच विषम गिअर सांभाळतो, तर दुसरा सम.

चौथा प्रकार एएमटी. भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओने हा प्रकार सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आणला आणि त्याच वर्षी टाटांच्या झेस्टमध्येही तो आला. वस्तुतः हा साधा, हाताने टाकावयाचा गिअरबॉक्सच आहे. फरक इतकाच की, क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही आपली कामे एक छोटी यंत्रणा करते. म्हणून त्याचे आजारही साध्या गिअरबॉक्सचेच, अधिक त्या यंत्रणेचे. बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत तर गिअर बदलण्याचा प्रश्नच नसतो. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

एकच लक्षण, चार अर्थ

प्राचीन वैद्यकात निदानपंचक सांगितले आहे: हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यातील ‘रूप’ म्हणजे प्रकट लक्षण. आपली बहुतेक चूक येथेच होते, कारण रूप दिसताच आपण त्याला नाव देऊन टाकतो.

‘इंजिन जोरात फिरते, पण गाडी पुढे जात नाही’ ही सर्वांत सामान्य तक्रार घेऊ. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये गाडी वेगात असताना असे घडले, तर एखादा क्लच पॅक घसरत असण्याची शंका रास्त आहे. सीव्हीटीमध्ये मात्र प्रवेगक जोराने दाबला की इंजिनाचे फेरे आधी वाढतात आणि वेग मागाहून वाढतो. हा त्या यंत्राचा स्वभाव आहे, आजार नव्हे. एएमटीमध्ये चढावर वरच्या गिअरात असे झाले, तर क्लच प्लेट झिजली असावी. पण दोन गिअरांच्या मधला क्षणभराचा विराम आणि मान पुढे झुकवणारा हिसका हा जन्मजात आहे. कोरड्या क्लचच्या डीसीटीमध्ये गर्दीत रखडल्यानंतर तेच लक्षण दिसले, तर क्लच तापल्याची शक्यता अधिक. मोटार थांबवून ती निवू दिल्यावर लक्षण नाहीसे होते काय, हे आधी पाहावे.

सारांश, ‘घसरणे’ या शब्दाने निदान होत नाही. कोणते यंत्र, कोणत्या तापमानाला, कोणत्या गिअरात, प्रवेगक किती दाबलेला असताना, एवढे सांगितल्याशिवाय तो शब्द रिकामा आहे.

घसरण धोकादायक का ठरते, याचे गणित प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही येईल. क्लचवर १०० न्यूटन-मीटर बलाघूर्ण आहे आणि त्याच्या दोन बाजूंच्या गतीत मिनिटाला १००० फेऱ्यांचा फरक आहे, असे समजू. १००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे १०४.७ रेडियन. दोहोंचा गुणाकार सुमारे साडेदहा किलोवॅट येतो. म्हणजे घरातील दोन किलोवॅटचे पाच गिझर तळहाताएवढ्या जागेत एकाच वेळी चालू असावेत, तशी ही उष्णता. द्रोणागिरीहून करळ फाट्याकडे जाताना कंटेनर ट्रेलरांच्या रांगेत, पुलाच्या चढावर, ब्रेकऐवजी प्रवेगक हलका दाबून गाडी जागीच तोलून धरण्याची सवय अनेकांस असते. त्यावेळी घसरणीचा फरक इतका मोठा नसतो, पण तो मिनिटे टिकतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ही उष्णता तेलात जाते आणि तेल ती शीतकाकडे नेते. एएमटी आणि कोरड्या डीसीटीत ती थेट क्लच प्लेटमध्ये जिरते. सेवा-पुस्तिकेत ही सवय ‘हेतू’ म्हणून लिहिलेली नसते, पण आमच्या परिसरात तोच प्रमुख हेतू असावा, असे मला वाटते.

तेलाची साक्ष

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेल हे वंगण आहे, शीतक आहे, शक्तीचे वाहक आहे आणि क्लच दाबणारा हातही तेच आहे. म्हणून तपासणीचा आरंभ तेलापासून व्हावा. नवे तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. कालांतराने ते काळवंडते, आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र जळका वास आणि पांढऱ्या कागदावर टिपल्यास दिसणारे काळे कण हे क्लचचे अस्तर झिजल्याचे द्योतक आहे. दुधाळ गुलाबी तेल याहून गंभीर, कारण त्यात पाणी शिरलेले असते.

पाणी शिरते कसे? एक वाट रेडिएटरमधील शीतकातून, आतली नळी फुटल्यास. दुसरी वाट आपल्या भागात विसरून चालणार नाही. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी वर एक छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात एकदम गार झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि नळीचे तोंड पाण्याखाली असल्यास पाणी आत ओढले जाते. बॉइलचा नियम आणि चार्ल्सचा नियम शिकवताना मी हल्ली हेच उदाहरण देते. खाडीच्या पातळीवर वसलेल्या आणि धारण तलावांच्या भरवशावर पावसाळा काढणाऱ्या नोडमध्ये हे उदाहरण विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही.

तेलाची पातळी कमी असेल तर चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढतो आणि क्लच सैल पडतो. पातळी जास्त असेल तर फिरती चाके तेल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. ‘थोडे जास्तच टाका’ हा हितचिंतकांचा सल्ला म्हणूनच घातक आहे. पुष्कळ नव्या मोटारींत तेल मोजण्याची पट्टीच नसते. ठरावीक तापमानाला खालचे बूच उघडून पातळी पाहावी लागते, आणि हे काम घरी करण्याचे नव्हे. सीव्हीटीचे तेल वेगळे असते. त्यात साधे गिअरबॉक्सचे तेल ओतणे म्हणजे पट्ट्याचा घात होय.

‘या तेलाला आयुष्यभर बदल नको’ असे काही विक्रेते सांगतात. कोणाचे आयुष्य, हे ते सांगत नाहीत. उलट, जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलले की तो बसतोच, अशीही समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे, कारण अस्तर आधीच जळून गेलेले असेल तर नवे तेल त्याला वाचवू शकत नाही आणि दोष मात्र तेलावर येतो.

रस्त्यावरील चाचण्या

येथे ‘उपशय’ ही कल्पना उपयोगी पडते. रोग ओळखता येत नसेल तर एखादा उपचार करून त्याचा परिणाम पाहावा आणि त्यावरून रोग ओळखावा, असा तिचा आशय.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते चिर्ले हा सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्यामुळे आमच्या मोटारींना प्रथमच दीर्घकाळ एकसमान वेग मिळू लागला. अशा वेगात टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच जुळतो आणि द्रवातील घसरण थांबवतो. तो खराब झाला की हलक्या प्रवेगकावर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. इंजिनातील एखादा स्पार्क प्लग चुकत असला तरी अगदी तसेच वाटते. फरक ओळखण्याची युक्ती साधी आहे. मागे वाहन नसताना, प्रवेगक तसाच ठेवून, ब्रेकला डाव्या पायाने केवळ स्पर्श करावा. ब्रेकचा संकेत मिळताच संगणक लॉक-अप सोडतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर, आणि न थांबल्यास इंजिनाकडे वळावे. सराव नसलेल्याने हे स्वतः करू नये. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच्याकडून करवून घ्यावे.

विलंबाची चाचणी त्याहून निर्धोक आहे. गाडी तापलेली, ब्रेक दाबलेला. न्यूट्रलमधून डी टाकल्यापासून गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजावा. काही उत्पादकांच्या पुस्तिकांत ही मर्यादा डी साठी सुमारे १.२ आणि आर साठी सुमारे १.५ सेकंद दिलेली असते. त्याहून बराच उशीर लागला तर तेलाचा दाब उशिरा तयार होत आहे. कोणत्या गिअरात दोष आहे यावरूनही पुष्कळ कळते. तीन गिअरांच्या जुन्या अमेरिकी रचनांत तिसरा गिअर आणि रिव्हर्स यांना एकच क्लच लागत असे. म्हणून ते दोन्ही घसरतात आणि पहिला-दुसरा ठीक आहेत, एवढ्यावरून जाणकार मेकॅनिक गिअरबॉक्स न उघडता क्लचचे नाव सांगत असे. आजच्या सहा-आठ गिअरांच्या यंत्रातही अशी सारणी असते. ती पाहणारे कमी झाले आहेत.

ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये प्रवेगक पूर्ण दाबण्याची ‘स्टॉल टेस्ट’ मात्र पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ कधीही करू नये. एएमटी किंवा डीसीटीवर तर ती मुळीच करू नये.

एएमटीसाठी वेगळेच पाहावे लागते. हायड्रॉलिक यंत्रणेच्या गाडीत चालकाचे दार उघडताच दाब भरणाऱ्या पंपाची घरघर ऐकू येते. तो पंप वरचेवर चालू लागला, तर दाब साठवणारी कुपी क्षीण झाली आहे किंवा कोठेतरी गळती आहे. गिअरबॉक्सच्या चाकांशी त्याचा संबंध नाही. बॅटरी उतरली की गिअर न पडणे, हेही नित्याचे आहे. आणि दांडा ‘पी’ मधून हलतच नसेल, तर कोणास तरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे. न लागल्यास ब्रेकच्या पायपट्टीजवळचा स्विच, त्याचा फ्यूज अथवा तार पाहावी. काम बहुधा तेथेच संपते.

संगणकाचा संकेत आणि एक अनुभव

भारतात एप्रिल २०१३ पासून चारचाकी वाहनांत दुसऱ्या टप्प्याची ओबीडी अर्थात स्वयंनिदान यंत्रणा अनिवार्य झाली. तपासणी-यंत्र जोडले की संकेतांक मिळतो. परंतु संकेतांक म्हणजे निदान नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. पी ०७०० हा अंक एवढेच म्हणतो की, गिअरबॉक्सच्या संगणकाला काही सांगायचे आहे. काय सांगायचे आहे, ते त्या संगणकापर्यंत पोहोचणाऱ्या यंत्रानेच वाचता येते, आणि स्वस्त यंत्रे बहुधा इंजिनापाशीच थांबतात. पी ०७३० म्हणतो, गिअरचे गुणोत्तर चुकले आहे. हे त्याला कळते कसे? गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या दांड्यांच्या गतींचा भागाकार करून. समजा तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५ आहे. बाहेरची गती १००० असेल तर आतली १५०० हवी. ती १८०० भरली, तर ३०० फेऱ्यांची घसरण आहे. पण हे दोन्ही आकडे सेन्सर देतात, आणि सेन्सर खोटे बोलला तर भागाकारही खोटा ठरतो.

२०२३ च्या पावसाळ्यात मला याचा अनुभव आला. तेव्हा मी तासिका तत्त्वावर होते आणि मोटार जुनी, टॉर्क कन्व्हर्टरची, दुसऱ्या हाताने घेतलेली होती. गव्हाण फाट्याजवळ तिला एक जोराचा हिसका बसला आणि त्यानंतर ती तिसऱ्या गिअरातून हलेना. बंद करून पुन्हा चालू केल्यावर सर्व काही ठीक. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मी कार्यशाळेत जाऊन म्हणाले, “गिअरबॉक्स गेला वाटतं.” आता लक्षात येते की निदान मीच करून दिले होते. त्यांनी यंत्र जोडले, गुणोत्तर चुकल्याचा संकेत पाहिला आणि सांगितले, “मॅडम, बॉक्सच बदलावा लागेल.” खर्चाचा अंदाज माझ्या त्या सत्राच्या सबंध मानधनाहून अधिक होता. दरम्यान कोणीतरी बॅटरीची तार काढून संकेतही पुसून टाकला होता, म्हणजे पुरावाच गेला.

वस्तुतः गाडी तिसऱ्यात अडकणे हा बिघाड नसून बचाव होता. संगणकास आकडे पटेनासे झाले की तो एकाच सुरक्षित गिअरात गाडी घरापर्यंत नेऊ देतो. प्रश्न होता तो आकडे का पटेनासे झाले, हा.

त्यानंतर मी प्रयोगवही काढली. तारीख, पाऊस होता की नाही, इंजिन गार की तापलेले, वेग, गिअर, चढ की सपाटी, काटे कसे वागले. नऊ नोंदी झाल्या. त्यांपैकी आठ पावसात किंवा पावसानंतर लगेचच्या होत्या. क्लचला बाहेरच्या पावसाशी काय कर्तव्य? उरणमधील एका वयस्क वायरमनला वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “मॅडम, बॉक्स राहू द्या. आधी वायर बघू.” चालत्या गाडीत त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, एक बाहेरच्या दांड्याच्या सेन्सरचा आणि दुसरा एबीएसच्या चाकांवरील सेन्सरचा. ताशी ४० किलोमीटर वेगात असताना पहिला आकडा क्षणात शून्यावर आला, दुसरा ४० वरच राहिला. ताशी चाळीसने जाणारी दीड टनाची वस्तू निमिषात थांबू शकत नाही. म्हणजे दांडा फिरत होता आणि सेन्सरची बातमी वाटेत हरवत होती. जोडणीचे टोक उघडले तेव्हा आतल्या पितळेवर हिरवी पूड होती. खारी हवा, पावसाचे पाणी आणि तडकलेले रबर. एवढीच संप्राप्ती.

टोक आणि वीतभर तार बदलण्यास दीड तास लागला. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र अशाच तक्रारीवर कार्यशाळेचा शब्द मानून पुनर्निर्मित गिअरबॉक्स बसवून घेतला होता. पुढच्या जूनमध्ये त्यांचा हिसका परत आला. त्यांनी गाडी विकली. त्यांच्या गाडीत तारच दोषी होती, असे आता सिद्ध करता येणार नाही, कारण तपासण्यासाठी काही उरलेले नाही.

एक व्यवहारोपयोगी गोष्ट सांगावयाची राहिली. गाडी रस्त्यात बंद पडली तर चालणारी चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नये. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधील पंप फिरत नाही आणि चाके मात्र आतल्या दांड्यांना कोरडेच फिरवत राहतात. सपाट तळाच्या गाडीवर चढवूनच न्यावी. वायरची दुरुस्ती होण्याआधी माझी गाडी एकदा दोरीने गव्हाणहून बोकडवीऱ्यापर्यंत आली होती. त्याचा हिशेब अजून बाकी असावा, असे दिसते. सकाळच्या पहिल्या दोन किलोमीटरांत दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना हलका धक्का येतो, तापल्यावर येत नाही. कोरड्या दिवशीही येतो, म्हणजे तारेचा नव्हे. तेल बदलून पाहावयाचे आहे. तोपर्यंत वहीत बावीस नोंदी झाल्या आहेत.